हाताआड

दुपारच्या कॉफीसाठी यंत्रापुढे उभी असताना हेल्काच्या खिशातला फोन थरथरला आणि पडद्यावर बाबाचं नाव उमटलं, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आई गेली. दुसरं कारण असूच शकत नव्हतं. बाबा फोन करत नसे. मागच्या एका नाताळात तिने स्वतःच्या हाताने त्याच्या कोटाच्या खिशात फोन ठेवला होता. त्या फोनच्या पोटातला अँटेना तिच्याच गटाने आखलेला होता. आणि तेव्हापासून बाबाने त्याच्यावरून तिला एकदाच काय तो फोन केला होता, कुत्रा मेला हे सांगायला.

"काय झालं, बाबा?"

"काय व्हायचंय?" आवाज चाळणीतून गाळल्यासारखा येत होता, मधली मधली अक्षरं गळत होती. "कामावर आहेस ना तू?"

"हो, कामावरच."

"तुझ्याकडे ऊन आहे?"

"आहे की. छान पडलंय."

"सूर्य कुठे आहे गं?"

तिने खिडकीतून पाहिलं. "कागद कारखान्याच्या धुराड्यावर बसलाय," ती हसून म्हणाली. "का रे?"

"काही नाही. इथे दिसत नाही," बाबा म्हणाला, आणि पुढचं वाक्य सुरू होता होताच आवाज बंद पडला.

ती तशीच उभी राहिली. आई गेली नव्हती. पण सुटकेच्या त्या श्वासाबरोबर एक विचित्र गोड भावनाही तिच्या छातीत शिरली. बाबाने तिला सूर्य विचारला होता! ज्या माणसाने उभ्या आयुष्यात तिला 'जेवलीस का' एवढंही विचारलं नव्हतं, त्याने सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरून फोन करून तुझ्याकडे ऊन आहे का असं विचारलं होतं. म्हातारपणी माणसं मऊ होतात म्हणतात. तिने कॉफी घेतली, वेलची घातलेला गोड पाव घेतला, आणि मागून तेउवोचा आवाज आला, "कोण गं? गालावर लाली चढलीय."

"बाबा."

"अरेरे," तेउवो म्हणाला. "मला वाटलं काहीतरी चांगली बातमी."

तेउवो मोजमाप विभाग सांभाळायचा. उन्हाळा असो की हिवाळा, लोकरी मोज्यांवर चपला घालून फिरायचा, आणि कंपनीतले सगळे मोठे साहेब त्याला टरकून असायचे, कारण त्याच्या खोलीतून बाहेर आलेला आकडा कुणालाच बदलता येत नसे. आज त्या खोलीत हेल्काच्या तीन वर्षांच्या कामाचा निकाल लागायचा होता. दुखणं साधंच होतं. अँटेना फोनच्या बाहेर असायचा तोवर ठीक होतं. लोकांना तो आत हवा झाला, आणि आत गेला तो नेमका माणसाच्या तर्जनीखाली गेला. माणूस फोन उचलतो, बोट मागे टेकवतो, आणि बोटाचं मांस अर्धीअधिक रेडिओलहर गिळून टाकतं. मग दूरचा मनोरा म्हणतो, ऐकू येत नाही, मोठ्याने बोल. फोन मोठ्याने बोलतो. तरी ऐकू येत नाही. मग तो ओरडायला लागतो, आणि ओरडता ओरडता त्याची बॅटरी संपते. माणसाला यातलं काही कळत नाही. तो शांतपणे हवापाण्याच्या गप्पा मारत असतो आणि त्याच्या मुठीत एक जीव बेंबीच्या देठापासून ओरडत असतो. हेल्काने अँटेनाच्या मागे एक छोटीशी जोडणी बसवली होती. हात आला की ती ओळखायची आणि अँटेनाचा सूर त्या हाताप्रमाणे पुन्हा जुळवून घ्यायची, म्हणजे ओरडावंच लागू नये. कागदावर ते चालत होतं. साखर-मिठाचं पाणी भरलेलं प्लॅस्टिकचं एक डोकं होतं, त्याचं नाव पोरांनी कालेव्ही ठेवलं होतं. त्या कालेव्हीच्या कानाशीही चालत होतं. पण कालेव्हीला हात नव्हते. म्हणून आज ती स्वतः बसणार होती.

ती खोली म्हणजे लोखंडाची पेटीच. आतून भिंतींना, छताला, जमिनीला निळ्या स्पंजाचे टोकदार सुळे लावलेले, की कुठलीही लहर आपटून परत येऊ नये. आवाजही परत येत नसे. मधोमध लाकडी खुर्ची, जी मुंगीच्या गतीने फिरायची. हेल्का बसली, फोन कानाला लावला, बोट नेहमीच्या जागी टेकवलं. "एक फेरा पुरा होईपर्यंत पुतळा," तेउवोने दारातून बजावलं. "शिंक आली तर गिळ." मग जाड दार बंद झालं.

या खोलीत बसायला बाकीच्यांना आवडत नसे. इथे स्वतःच्या मानेतलं रक्त ऐकू येतं, आवंढा गिळला तर बादलीत दगड पडल्यासारखं वाटतं. हेल्काला तसा त्रास कधी झाला नव्हता. तिचं लहानपण अशाच शांततेत गेलं होतं. पुओलांका गावाच्या पलीकडचं ते घर, चारी बाजूंना दलदल आणि पाइनचं रान, आणि घरात बाबा, जो जेवताना, सौनाच्या वाफेत, मासे सोलताना, बोलत नसे. तिथे एक रेडिओ होता. बर्फातल्या शर्यतींचं वर्णन लागलं की तो हमखास खरखरायचा. आणि बाबाने त्याची तार बोटांत धरली की स्वच्छ बोलायला लागायचा. सोडली की पुन्हा खरखर. म्हणून शर्यत संपेपर्यंत बाबा ती तार धरून कपाटाशी उभा राहायचा, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत, आणि आई, थोरला भाऊ इस्मो आणि ती बाकावर बसून ऐकायची. "तू बस ना," आई म्हणायची. "मी बसलो तर तुम्ही काय ऐकणार?" बाबा म्हणायचा. माणसाच्या अंगातून आवाज कसा जातो, हा प्रश्न तेव्हा तिच्या डोक्यात शिरला आणि पुढे तिने त्याच्यावरच पोट भरलं. आता तेच अंग आवाज गिळतं म्हणून ती त्याच्याशी भांडत बसली होती.

खुर्ची फिरत होती. म्हणजे फिरत असणार. कळत काहीच नव्हतं. सगळीकडे तेच निळे सुळे. दार कुठल्या बाजूला राहिलं? आत्ता मागे असेल, की डावीकडे? तिने डोळे न हलवता अंदाज करून पाहिला. दार कुठे आहे हे तिला सांगता येईना. क्षणभर, अगदी क्षणभर, लहान मुलासारखं तिला ओरडून विचारावंसं वाटलं, तेउवो, दार कुठल्या बाजूला आहे? आणि तेवढ्यात तिच्या कानात बाबाचा आवाज आला. सूर्य कुठे आहे गं?

त्याला ऊन नको होतं. त्याला दिशा हवी होती.

ऑगस्टचे पहिले दिवस, दलदलीत हिल्ला पिकायचे दिवस. ती मधाच्या रंगाची बोरं खुडायला बाबा दरवर्षी एकटा जायचा आणि आपली जागा सख्ख्या पोरांनाही दाखवायचा नाही. आज तिकडे आभाळ भरलं असणार. तो दलदलीत उभा होता, वर सगळं एकसारखं करडं होतं, आणि ज्याला रस्ता विचारता येईल असं एक नाव त्याने फोनमध्ये शोधलं होतं. पण 'मी हरवलो' हे त्याच्या तोंडून निघालं नाही. म्हणून त्याने सूर्य विचारला. आणि ती काय म्हणाली? धुराड्यावर! कुठल्या धुराड्यावर? दक्षिणेच्या, पश्चिमेच्या? उठावं, दार ठोठावावं. पण ती उठली नाही. फेरा पुरा व्हायचा होता, तेउवो बाहेर बसला होता, सहा माणसं निकालाची वाट बघत होती, आणि कदाचित हे सगळं तिच्या मनाचेच खेळ असतील. बोट होतं तिथेच ठेवून ती बसून राहिली. पेटीत कुठलाही फोन पोचत नाही हे तिला माहीत होतं. तो आत्ता पुन्हा करत असेल, आणि एक अनोळखी बाई त्याला गोड आवाजात सांगत असेल की संपर्क होऊ शकत नाही.

दार उघडल्यावर ती तेउवोशी न बोलता बाहेर आली आणि घरी फोन लावला. आईने पहिल्याच घंटेला उचलला.

"बाबा कुठे आहे?"

"सकाळी गेलाय हिल्लाला. जेवायला यायचा होता, आला नाही," आई म्हणाली. "मी सारखी फोन करतेय त्याला. आधी वाजत होता, उचलत नव्हता. आता ती बाई बोलते."

"आई, त्याला फोन करू नकोस!"

"म्हणजे?"

"तिथे रेंज नसल्यात जमा आहे. तू फोन केलास की त्याची बॅटरी जाते. तो वाचवायला हवी. कुणीच करू नका."

"वा गं शहाणे," आई म्हणाली. "नवरा रानात, आणि मी त्याला हाकही मारायची नाही? मग काय करू, भिंतीकडे बघत बसू?"

"आर्व्होला सांग. त्याचा कुत्रा घेऊन जाऊ दे. मी निघालेच."

आर्व्हो म्हणजे शेजारी. दोन घरांत किलोमीटरभर अंतर, तरी शेजारीच. मग तिने कायानी शहरात राहणाऱ्या थोरल्या भावाला, इस्मोला, फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "बाबा हरवला? मग मासा बुडाला म्हण की. अगं, चाळीस वर्षं त्या रानात लाकडं तोडली त्याने."

"त्याने मला सूर्य कुठे आहे ते विचारलं, इस्मो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "निघतो मी," तो म्हणाला. मग न राहवून, "फोन तूच दिलास ना तो? तुझ्या कंपनीचा? जाहिरातीत तर आठवडाभर चालतो म्हणे."

गाडी शहराबाहेर पडेपर्यंत तिने एक निरोप टाइप करून पाठवून दिला होता. फोन बंद ठेव. उंचवट्यावर जा. मग चालू कर. खालच्या टोकाला दोन बोटांनी धर, मागे बोट टेकवू नकोस. पाठवल्यावर तिला आठवलं, बाबाला निरोप उघडता येत नाहीत. पाकिटाचं ते चिन्ह पडद्यावर दिसलं की तो म्हणायचा, काहीतरी बिल आलंय वाटतं.

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना रान, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. तेच सर्वांत वाईट. तिचं डोकं आपोआप हिशेब मांडायला लागलं. रात्रीतून बॅटरी भरली असेल का? आई विसरली असेल. मनोरा दिसेनासा झाला की फोन गप्प बसत नाही, तो शोधत राहतो, आंधळ्याने भिंत चाचपावी तसा. त्यात पंजा बाबाचा, फावड्याएवढा. त्या पंजात तो फोन बुडूनच जायचा. ओला हात, वर पावसाचा कोट. सगळं गिळलं जाणार. ती जणू बघत होती, त्या काळोख्या मुठीत फोन ओरडतोय, ओरडतोय, आणि पडद्यावरच्या रेघा एकेक करून विझतायत. तिने स्वतः आखलेला अँटेना. तिच्या बोटाशी जुळवून घेईल अशी जोडणी आज तिने मोजली होती, पण ती पुढच्या फोनात बसणार होती, कुणा दुसऱ्याच्या खिशात. फोन करावासा वाटून दोनदा तिचा हात सीटवरच्या फोनकडे गेला. एकदाच वाजवून बघावं, फक्त जिवंत आहे का ते. आणि दोनदा तिने तो मागे घेतला. आईला जे बजावलं ते स्वतःला पाळता येऊ नये? पण आईने बोलून दाखवलेलं आता तिलाही पटत होतं. हाक मारली तर तो संपेल, नाही मारली तर एकटा राहील.

फोन वाजला तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला गेली. तेउवो होता.

"कुठे पळालीस? निकाल बघायला थांबली नाहीस." त्याचा आवाज कधी नव्हे तो चढला होता. "चाललं, हेल्का. तुझ्या हातात चाललं. जवळजवळ निम्मी ताकद वाचली. साहेब इथे माझ्या मोज्यांची स्तुती करतोय."

"बरं," ती म्हणाली.

"बरं? तीन वर्षं, आणि बरं?"

"तेउवो, बाबा रानात हरवलाय."

"अगं बाई," तो म्हणाला. मग, "गाडी सावकाश चालव." आणि त्याने लगेच ठेवून दिला, ते तिला फार बरं वाटलं.

पुओलांका मागे पडल्यावर खडीचा रस्ता लागला. खरं म्हणजे तिला आधीच कळायला हवं होतं. जूनच्या सणाला आई, ती आणि बाबा तळ्याकाठी बसलेले असताना बाबाने तळ्याचं नाव भलतंच घेतलं होतं, त्याच्या आजोळच्या, म्हणजे त्याच्या आईच्या गावच्या तळ्याचं. आई म्हणाली, झोप आलीय त्याला. इस्टरला त्याने तिला आयली म्हणून हाक मारली होती, आयली म्हणजे त्याची मेलेली बहीण. तेव्हा सगळे हसले, तोही हसला. पण हसताना त्याने तिच्याकडे कसं पाहिलं होतं ते तिला आत्ता, या खडीवर, स्पष्ट दिसलं. तो ती चूक कुणी पकडली का ते बघत होता. म्हणजे त्याला माहीत होतं.

दलदलीकडे जाणाऱ्या कच्च्या लाकूडवाटा तीन. ती घराकडे न जाता सरळ तिसऱ्या वाटेला वळली, का ते तिला सांगता आलं नसतं. लहानपणी बाबाच्या सायकलच्या खुणा तिने इथेच एकदा पाहिल्या होत्या एवढंच. आभाळ खरंच करडं होतं. दुरून आर्व्होच्या कुत्र्याचं भुंकणं येत होतं, पण भलत्याच बाजूने. वाट संपते तिथे तोडलेल्या ओंडक्यांची रास होती, आणि राशीवर बाबा बसला होता.

तो रस्त्याकडे पाठ करून बसला होता. पायांशी बोरांची बादली, काठोकाठ. गाडीचं दार वाजलं तशी त्याने मान वळवली. तिला वाटलं होतं ती धावेल. ती चालत गेली, कारण त्याच्या तोंडावर असा काही भाव होता, की एखाद्याला न्हाणीघरात अवचित पाहावं तशी ती शरमली.

"आलीस," तो म्हणाला.

"आले."

"यंदा चांगली आलीत बोरं."

"फोन कुठे आहे, बाबा?"

त्याने आतल्या खिशातून, रुमालात गुंडाळलेला, काढून दिला. तो गार होता, मेलेला. तिने सवयीने वरची कळ दाबली, काही होणार नाही हे ठाऊक असून. पडदा हिरवा उजळला. बॅटरीच्या रेघा उभ्या राहिल्या, एक, दोन, तीन, सगळ्या. जवळजवळ भरलेली होती.

ती त्या रेघांकडे बघत राहिली. मग तिच्या आवाजात नको तो तिखटपणा आलाच. "बंद करून ठेवलास? तू स्वतः? आईचा तिकडे जीव टांगणीला लागलाय! का पण?"

बाबाने बादलीतलं एक पान काढून टाकलं, मग आणखी एक. "सारखा वाजत होता," तो म्हणाला.

"मग उचलायचा!"

"उचलला की सगळे एकच विचारतात. कुठे आहेस." तो समोरच्या दलदलीकडे बघत होता. "ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का?"

कुत्रं आता जवळ आलं होतं, की दूर गेलं होतं. हेल्का ओंडक्यावर त्याच्या शेजारी बसली. त्याचे बूट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते, पँट मांडीपर्यंत ओली. तो बराच हिंडला होता. बुटाचा चिखल ओंडक्यावर निपटत तो म्हणाला, "इस्मोला सांगू नकोस."

"नाही सांगत."

तिने आईला फोन केला. "सापडला. बरा आहे. बोरं खुडत बसला होता, वेळेचं भान राहिलं नाही." आई आधी रडली, मग म्हणाली, "त्या भानाला म्हणावं सूप तिसऱ्यांदा गरम केलंय." इस्मो अजून वाटेत होता. आर्व्होला आईच सांगणार होती.

गाडीत बाबाने बादली मांडीवर घेतली. लाकूडवाट संपून मोठा खडीचा रस्ता लागला तिथे तिने गाडी थांबवली. डावीकडे घर. लहानपणापासून डावीकडेच घर. दोन्ही बाजूंना तेच पाइन, तोच करडा प्रकाश. तिला विचारायचं नव्हतं, शपथेवर नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं.

"उजवीकडे ना, बाबा?"

त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "उजवीकडेच की," तो म्हणाला, अगदी जुन्या, रानात माणसं कामाला लावायच्या आवाजात. "आणखी कुठे?"

मागून कुणी येत नव्हतं. तरी तिने वळणाचा दिवा लावला, आणि ती उजवीकडे वळली.

गाडी घरापासून दूर चालली होती. पुढे कुठेतरी मागे फिरावं लागणार, आणि फिरलं की त्याला कळणार. तिच्या डोळ्यांपुढे ते चित्र आलं: अरुंद रस्त्यावर गाडी मागेपुढे करत वळवायची, आणि शेजारी बादली धरून तो गप्प बसलेला. नाही. मग तिला आठवलं, हाच रस्ता तळ्याला पूर्ण वळसा घालून, जुन्या गिरणीवरून, घराच्या मागच्या अंगाला निघतो. लांब पडतो. कुणी जात नाही तिकडून. तिने वेग थोडा वाढवला.

बाबा आता बोलायला लागला होता. इतकं तो कधीच बोलला नव्हता. यंदाच्या गारठ्याबद्दल, बोरांबद्दल, एका अस्वलाबद्दल, जे त्याने पाहिलं असेल किंवा नसेलही. गिरणी गेली. तळ्याचं पाणी झाडांतून चमकत राहिलं. ती 'हो' म्हणत होती, आणि दर वळणावर तिचे हात चाकावर आवळले जात होते, की आता तो म्हणेल, हे कुठे चाललोय आपण? तो म्हणाला नाही. एकदा त्याने पिकलेलं बोर काढून तिच्या तोंडात घातलं, ती लहान असताना कधी घातलं नव्हतं तसं. आंबट होतं, बियांचं, दलदलीचा वास असलेलं.

शेवटी घर दिसलं, पाठीमागून, सौनाच्या बाजूने.

"बघ," बाबा म्हणाला. "आलं की नाही?"

"आलं, बाबा."

अंगणात आई उभी होती. अंगात स्वयंपाकाचा झगा, हात कमरेवर, आणि तोंड नेहमीच्या रस्त्याकडे, जिकडून ती दोघं यायला हवी होती. गाडीचा आवाज तिच्या कानापर्यंत अजून पोचला नव्हता. तिची पाठ त्यांच्याकडे होती.